उपलब्ध स्फुरद : एका आकड्यामागचे शास्त्र

प्रस्तावना

माती परीक्षणाच्या अहवालात स्फुरदाला एकच ओळ मिळते. हेक्टरी किलोंमध्ये एक आकडा आणि त्याच्या शेजारी ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘भरपूर’ असा शेरा. पेरणीच्या तोंडावर डीएपीच्या किती गोण्या आणायच्या, सुपर फॉस्फेट घ्यायचे की नाही, यंदा स्फुरदाचा हात आखडता घेतला तर चालेल का, हे या ओळीवरून ठरायला हवे. प्रत्यक्षात तसे क्वचितच होते. अहवाल कपाटात राहतो आणि खत गेल्या वर्षीइतकेच पडते. याला शेतकऱ्याची बेपर्वाई म्हणणे मला मान्य नाही. तो आकडा कसा निघाला, तो कशाचा आहे आणि त्यावर किती भरवसा ठेवावा, हे त्याला कोणी समजावून सांगितलेलेच नसते. ज्या आकड्याचा अर्थ कळत नाही, त्याच्या भरवशावर हंगाम कोण लावील?

त्या एका ओळीचा अर्थ उलगडण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पिकाला मिळू शकणारे स्फुरद मातीत वेगळे काढून ठेवलेले नसते, त्यामुळे ते थेट मोजता येत नाही. प्रयोगशाळेत आपण मातीला एक ठरावीक रासायनिक प्रश्न विचारतो आणि तिने दिलेल्या उत्तराची शेतातल्या पिकाच्या वाढीशी सांगड घालतो. नमुना शेताचा खरा प्रतिनिधी असेल, प्रश्न त्या मातीला साजेसा असेल आणि सांगड शेतातल्या प्रयोगांनी घातलेली असेल, तर तो आकडा मोलाचा ठरतो. या तीन दुव्यांपैकी एक जरी निसटला, तरी महागड्या यंत्रातून निघालेला, दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेला आकडासुद्धा दिशाभूल करतो.

आधी स्फुरदाचा स्वभाव पाहू, कारण सगळी अडचण तिथून सुरू होते. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २२.४ लाख किलो वजनाचा धरतात. त्यात एकूण स्फुरद दशलक्ष भागांत ५०० भाग असेल, आणि असे प्रमाण मुळीच दुर्मीळ नाही, तर हेक्टरी एक टनाहून अधिक स्फुरद पिकाच्या पायाशी पडलेले असते. ज्वारीच्या चांगल्या पिकाला हंगामात दहा-पंधरा किलो पुरते. मग कमतरता कसली? मुळे पाण्यात विरघळलेले स्फुरदच घेऊ शकतात, आणि मातीतल्या पाण्यात ते अत्यल्प असते. लिटरला ०.१ मिलिग्रॅम स्फुरद आणि मातीत २५ टक्के ओल धरून हिशेब केला, तर त्या साऱ्या थरातल्या पाण्यात एका वेळी केवळ ५६ ग्रॅम स्फुरद भरते. बारा किलो उचलणाऱ्या पिकासाठी ते पाणी हंगामात दोनशेहून अधिक वेळा स्फुरदाने पुन्हा भरले गेले पाहिजे. पेवात खंडोगणती धान्य असले, तरी घरातल्यांचे पोट रोज पेवातून किती वर काढता येते त्यावरच भरते. माती परीक्षणाला जो अंदाज घ्यायचा असतो तो पेवातल्या साठ्याचा नव्हे, तर हंगामभरात वर येऊ शकणाऱ्या धान्याचा.

आता ते वर येण्याला अडथळे कोणते? महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. त्या खडकापासून झालेल्या काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त, चुनखडी पुष्कळ आणि सामू बहुधा ७.५ ते ८.५ च्या दरम्यान. अशा जमिनीत पाण्यात विरघळणारे खत पडले, की त्यातले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते आणि दिवसेंदिवस कमी विद्राव्य रूपात जाते. घाट उतरून कोकणात गेले, की गोष्ट उलटी होते. तिथे जांभ्या दगडापासून झालेली, धो धो पावसाने धुपलेली आम्लधर्मी माती आहे. कॅल्शियम वाहून गेलेला असतो. स्फुरदाला धरून ठेवतात ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. म्हणजे अकोल्यातही स्फुरद अडकते आणि दापोलीतही अडकते, पण अडकवणारे हात वेगळे. शिवाय नत्रासारखे स्फुरद पाण्याबरोबर फारसे हिंडत नाही. मुळाच्या टोकापासून काही मिलिमीटरांवर असलेले स्फुरदच मुळापर्यंत पोचते. म्हणून दिलेल्या खतातले जेमतेम १५ ते २० टक्के स्फुरद पहिल्या पिकाच्या कामी येते असे कृषिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत, आणि म्हणूनच दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या जवळ खत पेरण्याचा आग्रह धरला जातो.

असे अडकलेले स्फुरद किती सुटू शकेल, हा प्रश्न विचारण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पहिल्या प्रकरणात तो सविस्तर आला आहे. इथे काही टप्पे सांगतो. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये बर्नार्ड डायर यांनी एक टक्का सायट्रिक आम्लाने मातीतून स्फुरद काढून पाहिले. मुळांमधल्या रसाच्या आंबटपणाचा विचार करून त्यांनी ते आम्ल निवडले होते आणि रोथॅमस्टेडच्या बार्लीच्या प्रयोगभूमीतल्या मातीवर त्याची पारख केली होती. त्या मातीवर कोणते खत किती वर्षे पडले आणि उत्पन्न किती आले, याची अखंड नोंद उपलब्ध होती. प्रयोगशाळेतल्या आकड्याची कसोटी शेतातल्या नोंदीवर लावण्याची ही रीत पुढच्या सगळ्या पद्धतींचा पाया ठरली. १९३० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एमिल ट्रुऑग यांनी अतिशय सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरले. १९४५ मध्ये इलिनॉयच्या रॉजर ब्रे आणि एल. टी. कुर्ट्झ यांनी अमोनियम फ्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण सुचवले. १९५४ मध्ये स्टर्लिंग ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी सोडियम बायकार्बोनेटची पद्धत मांडली. कोलोरॅडोसारख्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या चुनखडीयुक्त जमिनींसाठी तिचा विचार झाला होता आणि आज आपल्या काळ्या जमिनींचे बहुतेक अहवाल तिच्यावरच आधारलेले असतात.

ओल्सेन आणि ब्रे यांच्या पद्धतींतला फरक समजून घेणे म्हणजे या विषयाचा गाभा समजून घेणे. ओल्सेनचे द्रावण ०.५ मोलर तीव्रतेचे आणि सामू ८.५ ला आणलेले असते. ते चुनखडीच्या मातीत मिसळले, की बायकार्बोनेटमुळे द्रावणातला कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने खाली बसतो. कॅल्शियम कमी झाला की कॅल्शियमला चिकटलेल्या स्फुरदाचा सैलसर भाग सुटून द्रावणात येतो. चुनखडी स्वतः मात्र विरघळत नाही. ब्रे यांचे द्रावण वेगळ्या वाटेने जाते. त्यातले फ्लोराइड ॲल्युमिनियमला आणि काही प्रमाणात लोहाला पकडते, आणि त्यांनी धरलेले स्फुरद मोकळे होते. कोकणच्या आम्ल जमिनीसाठी हा प्रश्न अगदी योग्य आहे. हेच ब्रे यांचे द्रावण सोलापूरच्या चुनखडीच्या मातीवर ओतले, तर त्यातले आम्ल चुनखडीशी लढण्यात संपते, फ्लोराइड कॅल्शियमबरोबर खाली बसते आणि आकडा खोटा कमी येतो. त्याहून तीव्र आम्ल वापरले तर उलटी फसगत होते. कुठल्याच पिकाच्या मुळाला एरवी फुटले नसते असे कॅल्शियम फॉस्फेटचे खनिज आम्लात विरघळते आणि उपाशी जमीन भरपूर असल्याचा शेरा मिळवते. तेव्हा अहवालात आकड्याबरोबर पद्धतीचे नाव छापलेले नसेल, तर तो आकडा अर्धवट आहे असे खुशाल समजावे. ओल्सेनचे १२ आणि ब्रे यांचे १२ यांची तुलना होऊ शकत नाही.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर काय घडते, ते दुसऱ्या भागात पायरीपायरीने दिले आहे, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण मंडळींना या पुस्तकाचा सगळ्यात जास्त उपयोग व्हावा अशी माझी इच्छा आहे. ओल्सेन पद्धतीत अडीच ग्रॅम माती ५० मिलिलिटर द्रावणात अर्धा तास हलवतात. काळ्या मातीतले सेंद्रिय पदार्थ या विम्ल द्रावणाला पिवळट-तपकिरी रंग देतात. तो काढण्यासाठी शुद्ध कोळशाची पूड घालतात. ती पूड स्फुरदमुक्त असावीच लागते, नाहीतर मातीच्या स्फुरदात कोळशाचे स्फुरद मिसळते. गाळलेल्या अर्कात आम्ल, मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घातले, की स्फुरदाच्या प्रमाणात निळा रंग उमटतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर तो मोजतो. निळ्या रंगाची ही सुटसुटीत कृती मर्फी आणि रायली यांनी १९६२ मध्ये समुद्राच्या आणि इतर नैसर्गिक पाण्यातले फॉस्फेट मोजण्यासाठी बसवली होती. वॉटानाबे आणि ओल्सेन यांनी १९६५ मध्ये ती मातीच्या अर्कासाठी जुळवून घेतली.

या कृतीत काटेकोरपणा का हवा, ते एका गुणाकाराने पटते. अडीच ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर द्रावण म्हणजे वीसपट विरलता. त्यातला ५ मिलिलिटर अर्क घेऊन तो २५ मिलिलिटर केला, की आणखी पाचपट. म्हणजे निळ्या द्रावणातल्या आकड्याला १०० ने गुणावे तेव्हा मातीतले प्रमाण मिळते, आणि त्याला पुन्हा २.२४ ने गुणले की हेक्टरी किलो. आता निळ्या द्रावणात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकीच चूक झाली असे समजा. अहवालात ती हेक्टरी ११ किलोंची होऊन उतरते. ९ किलोंची ‘कमी’ जमीन २० किलोंची ‘मध्यम’ होते. एवढीशी चूक व्हायला काय लागते? फॉस्फेट असलेल्या साबणाने धुतलेली काचभांडी पुरतात. बाटलीत दिवसेंदिवस उघडे राहून सामू चढलेले बायकार्बोनेट पुरते. उन्हाळ्यात तापलेली खोलीही पुरते, कारण तापमान वाढले की ओल्सेनच्या द्रावणात स्फुरद जास्त उतरते. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर मातीविना चालवलेली कोरी चाचणी, रोज नव्याने काढलेली प्रमाण रेषा आणि आधीच उत्तर माहीत असलेल्या मातीचा एक नमुना, या तीन गोष्टी टाळू नयेत. दिवसाला नमुन्यांची संख्या गाठण्याच्या घाईत आधी याच तिन्हींना कात्री लागते आणि नुकसान दूर कुठल्या तरी शेतात, कोणाच्या लक्षातही न येता होते.

तरीही अहवालातली सगळ्यात मोठी चूक बहुधा प्रयोगशाळेत होत नाही. ती शेतात होते. २२.४ लाख किलो मातीतून अर्धा किलो नमुना पिशवीत जातो आणि त्यातलीही अडीच ग्रॅम माती द्रावणात पडते. हेक्टरातल्या थराचा साधारण नव्वद कोटीवा हिस्सा! तो सगळ्या शेताच्या वतीने बोलायचा असेल, तर त्याची निवड किती जपून व्हायला हवी. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या किंवा जनावरे बांधण्याच्या जागी नमुना घेऊ नये, हे सर्वांनी ऐकलेले असते. स्फुरदाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हे अन्नद्रव्य जागचे हलत नसल्याने, पाभरीने पेरलेल्या खताची ओळ पुढेही जमिनीत श्रीमंत पट्टा होऊन राहते. नेमक्या त्या ओळीवर खुरपे पडले, तर गरीब शेत श्रीमंत ठरते. म्हणून नागमोडी चालत शेतभर पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे, १५ ते २० सेंटिमीटर खोलीचे खड्डे घ्यावेत, खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात जमा करावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्ध्या किलोवर आणावी. माती सावलीत वाळवावी. पिशवी कापडाची, नवी किंवा धुतलेली असावी. खताच्या रिकाम्या गोणीत भरलेला नमुना तपासण्यात अर्थ नाही. उताराचा मुरमाड तुकडा आणि खालचा खोल काळा तुकडा यांचे नमुने वेगळे द्यावेत. एकत्र केले तर जो सरासरी आकडा येईल, तशी जमीन त्या शेतात कुठेच नसेल.

तिसरा दुवा आहे सांगडीचा. पुस्तकाचा तिसरा भाग त्याला दिला आहे आणि मला स्वतःला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रॉजर ब्रे यांनी १९४८ मध्ये चांगल्या माती चाचणीच्या तीन अटी सांगितल्या. चाचणीने वेगवेगळ्या मातींतून उपलब्ध रूपातले सगळे किंवा त्याच्या ठरावीक प्रमाणातले स्फुरद काढावे. ते पुरेशा अचूकतेने आणि वेगाने मोजता यावे. आणि काढलेले प्रमाण पिकाच्या वाढीशी व खताला मिळणाऱ्या प्रतिसादाशी जुळावे. पहिल्या दोन अटी रसायनशास्त्रज्ञ पाळू शकतो. तिसरी पाळायला शेत लागते. अनेक शेतांत स्फुरदाच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन, उत्पन्न मोजून, कोणत्या आकड्याच्या खाली पीक खताला प्रतिसाद देते आणि कोणत्या आकड्याच्या वर देत नाही, ती सीमा शोधावी लागते. केट आणि नेल्सन यांनी १९६५ मध्ये ती आलेखावर शोधण्याची साधी रीत दिली. ही सीमा प्रत्येक पिकाची, मातीची आणि चाचणीची वेगळी असते. परक्या देशातली सीमा उचलून आपल्या शेतावर लावता येत नाही.

भारतात हे काम कसे उभे राहिले, त्याची कहाणी अभिमान वाटावा अशी आहे. १९५५-५६ मध्ये भारत-अमेरिका सहकार्याच्या करारातून १६ माती परीक्षण प्रयोगशाळांनी सुरुवात झाली. पुढे ओल्सेन स्फुरद हेक्टरी १० किलोंपेक्षा कमी असेल तर ‘कमी’, १० ते २५ ‘मध्यम’ आणि त्याहून अधिक ‘भरपूर’ अशी ढोबळ वर्गवारी देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात ती ‘अत्यंत कमी’पासून ‘अत्यंत जास्त’पर्यंत सहा पायऱ्यांची केली आहे. पण वर्गवारीत ११ किलोंचे आणि २४ किलोंचे शेत एकाच रांगेत बसते. ही उणीव ओळखून राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ठरावीक उत्पादनाच्या उद्दिष्टासाठी खताचे गणित मांडले. पिकाला एक क्विंटल धान्यासाठी किती स्फुरद लागते, मातीतल्या चाचणीच्या आकड्यापैकी किती टक्के पीक उचलते आणि खतातले किती टक्के उचलते, या तीन गोष्टी प्रत्यक्ष शेतात मोजून त्यांनी समीकरण बसवले. त्यावर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प उभा राहिला. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याचे एक केंद्र आहे आणि तिथे आपल्या पिकांची समीकरणे तयार झाली आहेत. ही समीकरणे अहवालाच्या छापील शिफारशीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहेत. त्यांचा वापर कसा करावा, ते उदाहरणांसह इथे दिले आहे.

पिकापिकांत फरक किती असतो, त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या रोजच्या वरणातल्या तुरीचे आहे. हैदराबादजवळच्या पटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांना दिसले, की लाल जमिनीत लोहाशी घट्ट बांधलेले आणि ज्वारीला अजिबात न मिळणारे स्फुरद तूर मिळवते. तिची मुळे पिसिडिक आम्लासारखी संयुगे स्रवतात. ती लोहाला पकडतात आणि स्फुरद मोकळे होते. १९९० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. म्हणजे त्याच मातीच्या त्याच आकड्याचा अर्थ ज्वारीसाठी एक आणि तुरीसाठी दुसरा. भाताचेही असेच आहे. कोकणातल्या खाचरात पाणी उभे राहिले, की हवेअभावी लोहाचे रूप बदलते आणि त्याने धरलेले स्फुरद सुटू लागते. प्रयोगशाळेत मात्र आपण त्या खाचराची माती वाळवून, चाळून तपासतो. वाळलेल्या मातीचे उत्तर चिखलातल्या भाताला जसेच्या तसे लावले, तर गरजेपेक्षा जास्त खत सुचवले जाते.

एककांचा गोंधळ हा आणखी एक सापळा. प्रयोगशाळा मोजते ते मूलद्रव्य रूपातले स्फुरद, आणि खताच्या गोणीवर लिहिलेले असते ते ऑक्साइड रूपातले. पहिल्याला २.२९ ने गुणले की दुसरे मिळते. १२ किलो स्फुरद ऑक्साइडच्या रूपात साडेसत्तावीस किलो होते. हा दुसरा आकडा पहिल्याच्या तक्त्यात वाचला, तर ‘मध्यम’ जमीन ‘भरपूर’ होऊन बसते. गोणीचा हिशेबही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तुरीची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ऑक्साइड रूपातले ५० किलो स्फुरद, म्हणजे एकराला २० किलो स्फुरद. ते डीएपीतून द्यायचे तर साडेत्रेचाळीस किलो लागते, सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायचे तर १२५ किलो. सुपर फॉस्फेटबरोबर गंधकही मिळते, जे कडधान्याला आणि तेलबियांना हवेच असते. अहवालात ‘कमी’ असेल तर ही मात्रा साधारण पाव हिश्श्याने वाढवावी आणि ‘भरपूर’ असेल तर पाव हिश्श्याने घटवावी, असा ढोबळ नियम वापरात आहे. नुसता हा नियम जरी इमानाने पाळला गेला, तरी पुष्कळ पैसा वाचेल आणि पुष्कळ उपाशी पिके सावरतील.

जास्त झाले तर काय बिघडते, असेही विचारले जाते. जादा पडलेले स्फुरद पाण्याबरोबर खाली निघून जात नाही, ते साठत राहते. रोथॅमस्टेडच्या एका शेतात १८५६ ते १९०१ या काळात दिलेल्या स्फुरदाचा लाभ पुढे कित्येक दशके पिकांना मिळत राहिला. ज्या बागायतदाराने वर्षानुवर्षे उसाला, द्राक्षाला, भाजीपाल्याला मोकळ्या हाताने खत दिले आहे, त्याच्या जमिनीत असा साठा असू शकतो, आणि तो त्याचा स्वतःचा पैसा आहे. चाचणी करून तो ओळखला तर काही हंगाम खरेदी कमी करता येते. न ओळखता भर टाकत राहिले, तर पिकाला जस्त मिळेनासे होते आणि मग जस्ताच्या फवारणीचा खर्च वाढतो. धुपून गेलेल्या मातीबरोबर हेच स्फुरद तळ्यात, धरणात पोचते आणि पाण्यावर शेवाळ माजवते. याहून मोठी गोष्ट देशाची. जगातल्या ज्ञात फॉस्फेट खडकाचा दोन तृतीयांशाहून अधिक साठा मोरोक्को आणि पश्चिम सहारा भागात आहे. आपल्याकडे राजस्थानात झामरकोट्रासारख्या खाणी असल्या, तरी गरजेचा मोठा भाग बाहेरून आणावा लागतो. स्फुरदाला पर्याय नाही. दुसरे कुठलेही मूलद्रव्य पिकात त्याची जागा घेऊ शकत नाही. अशी वस्तू अंदाजाने उधळणे परवडणारे नाही.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सूरतगड इथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेला प्रारंभ झाला आणि बारा घटकांचा अहवाल गावोगाव पोचू लागला. माती तपासण्याची गोष्ट इतक्या घरांत प्रथमच गेली, हे या योजनेचे मोठे श्रेय आहे. तिची मर्यादाही वाचकाने जाणून घ्यावी. बागायतीत अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घ्यावा असे त्यात ठरले होते. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. म्हणजे दहा हेक्टरांच्या चौकटीत सात-आठ कुटुंबांची शेते येतात. त्यांतल्या एकाने दरवर्षी शेणखत घातले असेल, दुसऱ्याने दहा वर्षांत घातले नसेल. भागाचे चित्र समजण्यासाठी तो आकडा ठीक आहे. स्वतःच्या शेताचा निर्णय घ्यायचा असेल, तर स्वतःच्या शेताचा नमुना देण्याला पर्याय नाही.

पुस्तकाची मांडणी वर ओघाने आलीच आहे. पहिल्या भागात स्फुरदाचा स्वभाव आणि चाचण्यांचा इतिहास, दुसऱ्यात नमुना आणि प्रयोगशाळा, तिसऱ्यात सांगड, शिफारस आणि समीकरणे. शेतकरी वाचकाने नमुन्याच्या प्रकरणापासून सुरुवात करून थेट तिसऱ्या भागाकडे वळले तरी चालेल. कृषी पदविकेच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनी मात्र क्रम सोडू नये. सूत्र पाठ करून उत्तर काढता येते, पण १०० आणि २.२४ हे गुणक आले कुठून हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच चुकीचा आकडा पाहताक्षणी खटकतो. कृषी सहायकांनी आणि कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तिसरा भाग वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेतकऱ्याशी खतासंबंधीचे शेवटचे बोलणे अनेकदा त्यांचेच होते.

वाचकाकडून दोन अपेक्षा आहेत. पहिली, अहवाल हातात आला की विचारावे: नमुना कोणत्या शेतातून आणि कसा घेतला, पद्धत कोणती वापरली, आणि आकडा मूलद्रव्याचा की ऑक्साइडचा? चांगल्या प्रयोगशाळेला हे प्रश्न आवडतात. दुसरी अपेक्षा थोड्या कष्टाची आहे. शिफारशीप्रमाणे स्फुरद देताना शेतात चार-सहा ओळींचा एक पट्टा स्फुरदाविना ठेवावा. बाकी सगळे, बियाणे, नत्र, पालाश, पाणी, सारखेच. काढणीला दोन्हींकडची सारख्या लांबीची ओळ वेगवेगळी मळून तोलावी आणि ते वजन अहवालाच्या मागे लिहून ठेवावे. फरक पडला तर खताने काम केले. सलग काही हंगाम पडला नाही, तर जमिनीतला साठा पुरेसा आहे. डायर यांनी रोथॅमस्टेडच्या नोंदींवर जे केले, तेच हे आपल्या शेतापुरते काम आहे. एका गावातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी आपले आकडे आणि आपली वजने एकत्र मांडली, तर त्या गावच्या मातीत, त्या पिकासाठी, कोणत्या आकड्याखाली स्फुरद द्यायचे ही सीमा त्यांच्या हाती लागू शकेल. कृषी विद्यापीठांना अशा नोंदी हव्याच असतात. त्या घेऊन शेतकरी विद्यापीठाच्या दारात गेला, तर पुढची शिफारस त्याच्या शेताच्या अनुभवावर उभी राहील, आणि तीच शिफारस त्याला पटेल.